दूध तुटेपर्यंत

मंगळवार, १४ मे १९९६. दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना पेणमधल्या जनू म्हात्रे यांच्या गणपतीच्या कारखान्यात त्यांची मुलगी नम्रता दीड फुटी मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ ओढत होती आणि ती रेघ तांदळाच्या दाण्याएवढी कानाकडे सरकली. उजवा डोळा झाला होता, चांगला झाला होता. नम्रताने ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला आणि हाताकडे पाहिलं. पाण्याची मोटर चालू असताना नळाला हात लावला की जे जाणवतं, ते तिला स्वतःच्या बोटांत दिसत होतं. तिने डावा हात उजव्याशेजारी धरला. तोही तसाच. समोर पितांबरांच्या किनारी रंगवणाऱ्या इंदुबाई मान वर न करता म्हणाल्या, "काय गो, हात थांबला?" नम्रता म्हणाली, "काय नाय." इंदुबाई म्हणाल्या, "सकाळपासून चार चा झालं तुझं. पोरीला दूध पाजतेस का चा पाजतेस?" दोघीतिघी हसल्या. मग इंदुबाईंनी मान वर करून मूर्तीकडे पाहिलं, आणि पुन्हा किनारीकडे. त्यानंतर कुणी हसलं नाही.

या कारखान्यात एक नियम होता. अंगावरचं दूध तुटेपर्यंत बाईने डोळ्यांची आखणी करायची नाही. बाकी सगळं करायचं, ओतकाम, जोडकाम, पॉलिश पेपर, रंग, सोनेरी. डोळे मात्र नाहीत. लेकुरवाळीची नजर पोरात असते, तिने डोळे आखले तर देवाची नजर फिरते, असं कारण सांगत. नम्रताची मुलगी पूजा साडेतीन महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. पण बाहेरगावचा माल मेअखेर निघायचा होता, आखणीचा दुसरा माणूस दुसऱ्या कारखान्याने नेला होता, आणि नम्रताच म्हणाली होती, बाबा, मी बसते. ती बाळंतपणाला रोह्याहून माहेरी आली ती कामासाठी राहिली होती. जनूंनी एकदा पूजाकडे पाहिलं आणि झिरो नंबरचा ब्रश तिच्या हातात दिला. तीन आठवडे काही झालं नाही. उलट तिला वाटत होतं की असा हात आपल्याला कधीच नव्हता. दिवसाला पंचवीस मूर्ती करणारी ती चाळीस करत होती. रात्री दोनदा पूजाला पाजून सकाळी पाचला जाग यायची ती टक्क. भूक लागायची, दोन भाकऱ्या जास्त जायच्या, आणि बांगड्या सैल होत होत्या. कारखान्यात सगळ्यांच्या आधी तिचा ब्लाऊज घामाने भिजायचा. मधूनच छाती अशी धडधडायची की कुणी मागून हाक मारल्यासारखी ती वळून पाहायची. हे सगळं तिने आनंदाच्याच खात्यात जमा केलं होतं. मूल झालं की बाईला नवं अंग येतं, असं आईच म्हणाली होती. आता बाराला दहा कमी असताना तिला कळलं की तो वेग तिचा नव्हता. मग कुणाचा? तिच्या मनात पहिलं उत्तर आलं ते नियमाचं आलं, आणि ते आलं याचा तिला राग आला. बारावी सायन्स शिकलेल्या बाईला असं उत्तर सुचावं.

जनू बाहेरून आले तेव्हा त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी ओल्या फडक्याने तो डोळा पुसला, कोरडा केला, वर पांढऱ्याचा हात दिला. त्या जागी काही नव्हतंच असं करायला त्यांना चार मिनिटं लागली. उजवा डोळा तसाच उघडा. "हात दाव," ते म्हणाले. तिने दाखवला. "किती दिवस?" "आजच." "आजच नसंल." ते रागावले नाहीत, रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी रंगाची पेटी उचलून स्वतःच्या पाटाजवळ नेली आणि म्हणाले, "बायकडं बस थोडे दिवस. पेपर मार."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, नम्रताची सगुणाआत्या. ती मागच्या पडवीत मूर्तींच्या हातापायांचे सांधे पॉलिश पेपरने घासत असे. नम्रताला आठवतं तेव्हापासून ती तिथेच होती. सुजलेला चेहरा, भुवया जवळजवळ नाहीत, मेमध्येही अंगावर जुना स्वेटर, आणि आवाज पुरुषासारखा, ओल्या पोत्यातून आल्यासारखा. पोरं तिला घोरपड म्हणत. नम्रताही म्हणाली होती, सातवी-आठवीत असताना, आणि आत्याने ऐकलं होतं. आत्या घासता घासता झोपायची. हातात गणपतीचा हात असायचा आणि मान छातीवर. आई म्हणे, मुलखाची आळशी म्हणून धरमतरच्या सासरच्यांनी आणून टाकली. मुलगा ठेवून घेतला, ही परत दिली. घरात ही गोष्ट भांडी कुठे ठेवली आहेत तितक्या सहज सांगितली जाई. नम्रता शेजारी बसली तेव्हा आत्याने तिचा हात ओढून घेतला, मांडीवर उताणा ठेवला, त्यावर आपला पॉलिश पेपरचा चौकोन ठेवला. कागद हलत होता. "माझा पण असाच," ती म्हणाली. "कधी गो आत्या?" "डोळं आखत व्हते तवा. माझा हिराजी चार महिन्यांचा व्हता." एवढं बोलून ती घासू लागली. नम्रताला हे नवीन होतं. आत्या कधी डोळे आखत होती हेच तिला नवीन होतं. पंचवीस वर्षांत घरात कुणी ते सांगितलं नव्हतं. आत्या या पडवीतच जन्मली असावी, असं काहीतरी तिने धरलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत कारखान्यात ती आली की बायका जागा करून देत, आणि तेच तिला सोसत नव्हतं. रंगाच्या आणि ओल्या प्लास्टरच्या वासात बसून ती हिशोब जुळवत होती. आत्या एकविसाव्या वर्षी, मी पंचविसाव्या. आत्याचा मुलगा चार महिन्यांचा, माझी मुलगी साडेतीन. आधी हात, मग झोप, मग सासरच्यांनी आणून सोडणं, मग पडवी. यातलं पहिलं झालं आहे. पेणच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं होतं. ते गोड होतं, पूजाने बाटली चाटायचा प्रयत्न केला. पुढच्या रविवारी नम्रताचा नवरा जगन रोह्याहून आला. तो धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टवर होता. तिचे हात बघून म्हणाला, "गॅसचा काय संबंध नसंल ना? वारा आला की आपल्याकडं रोह्यात पण डोळं झोंबतात." त्याच्या आईचं मत वेगळं होतं. बाळंतिणीला कारखान्यात बसवली, दुसरं काय होणार. सोमवारी ती तिघं एसटीने रोह्याला गेली. वडखळला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून मिठाच्या राशी दिसत होत्या, झाकलेल्या. पूजा मांडीवर झोपली होती आणि नम्रताला आपलं हृदय तिच्या डोक्यावर आपटतंय असं वाटत होतं. ते पोरीला ऐकू येत असेल का, हा विचार नागोठण्यापर्यंत पुरला.

रोह्याच्या डॉक्टर वृंदा पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी नम्रताला दोन्ही हात पुढे करायला सांगून त्यावर एक कागद ठेवला. आत्याने केलं तेच. मग मागे उभं राहून तिच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, आवंढा गिळा. "घरात कुणाला थायरॉईड?" जगन म्हणाला, "आमच्याकडं नाय कुणाला." "तुमचं नको. हिच्या माहेरचं." "म्हणजे पहिल्यांदाच सासरच्यांवर नाय आलं," जगन म्हणाला, आणि डॉक्टरही थोड्या हसल्या. मग मीठ कुठलं खाता, असं त्यांनी विचारलं. नम्रता म्हणाली, आगरातलं, ओळखीचा एक जण पोतं आणून देतो. "पाकिटातलं आणा, ते बरं. पण हे मिठाचं नाही." रक्त मुंबईला गेलं आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला. थायरॉईडचा स्राव जास्त. त्याखाली आणखी एक ओळ होती, अँटीबॉडीची, तिचा आकडा चौसष्टशे. डॉक्टरांनी त्या आकड्याखाली पेनने रेघ मारली. रेघ सरळ होती. नम्रताचं लक्ष तिथे गेलं. त्या सांगू लागल्या. पोटात मूल असतं तेव्हा ते अर्धं परक्याचं असतं, म्हणून शरीर नऊ महिने आपला पहारा सैल ठेवतं. मूल झालं की पहारा परत उभा राहतो, आणि काही बायकांत तो जास्तच जोरात येतो आणि आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीला परकी समजतो. ग्रंथी फुटते, आत साठवलेलं एकदम रक्तात येतं. म्हणून हात कापतो, वजन उतरतं, झोप उडते. "ते साठवलेलं संपलं की?" नम्रताने विचारलं. डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "संपलं की उलटं. थंडी, सूज, झोप, मंदपणा. काही महिने. पुष्कळ जणी वर्षभरात आपोआप बऱ्या होतात. काही होत नाहीत, त्यांना गोळी कायमची." "आणि गोळी नाय घेतली तर?" "कोण आहे घरात तसं?" डॉक्टर म्हणाल्या.

पेणच्या एसटीत ती खिडकीशी बसली. कापऱ्यासाठी छोटी गोळी दिली होती, बाकी थांबायचं होतं. तिच्या डोक्यात डॉक्टरांचं एक वाक्य फिरत होतं. हे रक्तातून येतं, पण सरळ येत नाही. आजी, आत्या, मावशी, कुठूनही, आणि पुरुषांकडून आलं तर त्यांना बहुधा स्वतःला काही होत नाही, ते नुसतं पुढे देतात. म्हणजे बाबा. लोक नेहमी म्हणत, नम्रताचा हात जनूचा आहे. कोपर न टेकता रेघ मारायची, श्वास अर्धा सोडून थांबवायचा, आधी उजवा डोळा मग डावा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून आलं होतं, आणि बघण्याच्याही आधी कुठून तरी आलं होतं. त्याच वाटेने दुसरंही आलं होतं. मांडीवर पूजा झोपेत ओठ हलवत होती. नम्रताने तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कापरा थांबला. ती आनंदाने आखणीला बसायला गेली आणि जनूंनी नाही म्हटलं. दहा दिवसांत तिला स्वतःलाच कळलं की बसता आलं नसतं. हात स्थिर होता, पण रेघ सुरू करावीशी वाटत नव्हती. ब्रश उचलायचा हे ठरवणं आणि तो उचलणं यांच्यामध्ये एक रिकामी जागा तयार झाली होती आणि ती त्या जागेत बसून राहायची. पाय जड झाले. केस कंगव्यात पुंजक्याने येऊ लागले. बाकीच्या बायका पदराने वारा घेत तेव्हा ती अंगावर चादर ओढायची. पूजा रडायची ते तिला ऐकू यायचं, पण शेजारच्या घरातून आल्यासारखं. एकदा इंदुबाईंनी पोरीला आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "अगो, तुझीच हाय ती." त्यात टोमणा नव्हता, इंदुबाई घाबरल्या होत्या. एके दुपारी तिने जगनला पीसीओवरून फोन केला. तो म्हणाला, "कोण बोलतंय?" तिने नाव सांगितलं. तो म्हणाला, "आवाज आत्यासारखा येतोय तुझा." तो नुसतं सांगत होता. तिने फोन ठेवला आणि पैसे मोजून दिले. दुसरं झालं. आता सासरकडून निरोप येईल. दोन दिवसांनी जगनच आला, रात्रपाळी करून, न झोपता, आणि तिला घेऊन रोह्याला गेला. त्याच्या आईने आदल्या दिवशी म्हटलं होतं, पोरीला इकडे आण, तिला तिकडं राहू दे. हे त्याने एसटीत सांगितलं. "मग तू काय म्हणालास?" "म्हटलं, रिपोर्ट येऊ दे." रिपोर्ट आला. टीएसएच बेचाळीस, हवा पाचच्या आत. डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली, सकाळी उठल्याउठल्या घ्यायची, आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आत्यांना घेऊन या."

आत्याला न्यायचं म्हणजे जनूंना विचारायचं. गणपतीला तीन आठवडे होते, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जनू आखत होते. पन्नाशीत त्यांना चष्मा लागला होता आणि दिवसाला पंधराच होत होत्या. नम्रताने सगळं सांगितलं, पहाऱ्याचं, ग्रंथीचं, आत्याचं. ते ब्रश धुत राहिले. "बत्तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "आता काय सुईनं टोचून घ्यायचंय?" "बाबा, आत्या आळशी नव्हती." "मी म्हटलं कधी?" "तुम्ही नाय म्हटलं. पण नियम कुणी केला?" हा प्रश्न तिने आधी ठरवलेला नव्हता. उत्तर पडवीतून आलं, त्या जाड आवाजात. "आमच्या आयशीनं ह्याला मांडीवर पाजत डोळं आखलंत. नियम नव्हता. नियम माझ्यानंतरचा." जनू उठून बाहेर गेले. मग आत्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, मध्ये मध्ये दम घेत. चौसष्ट साल. अलिबागच्या एका मंडळाची पाच फुटी मूर्ती. हात कापत होता, कुणाला सांगितलं नाही, घाईत आखली. नजर फिरली. मंडळाची माणसं चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती परत घेऊन आली, सगळ्या आळीने बघितली. अठरा वर्षांचा जनू म्हणाला, "हिला उठवा, लेकुरवाळी हाय ती," आणि पाटावर बसला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी बाळंतीण आली तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हटलं गेलं. "त्यात जनूची काय चूक," आत्या म्हणाली. "मूर्ती तर फिरलीच व्हती." नम्रता तिच्या गुडघ्याला धरून बसली होती. जो नियम मोडला म्हणून तिने स्वतःला तीन महिने शिक्षा केली होती, तो एका बाईच्या दुखण्यावरून पडला होता. एका अर्थी तो बरोबरही होता. दूध तुटेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. तेवढ्यात पुष्कळ जणी बऱ्या होतात. बऱ्या न होणाऱ्यांचं काय करायचं, एवढंच त्यात नव्हतं.

सगुणाआत्याचं रक्त गणपतीनंतर घेतलं. तिला एसटीत बसवताना जनू स्टँडवर आले होते. त्यांनी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि दोन केळी दिली. आकडा वाचून डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा करून बघितला, नाव बरोबर आहे ना म्हणून. ग्रंथी बहुतेक राहिलीच नव्हती. वय आणि हृदय बघून गोळी अगदी कमी, पाव पाव वाढवत नेली. दिवाळीपर्यंत तिच्या पायांची सूज उतरली. डिसेंबरात तिने स्वेटर काढला, सगळ्यांनी घातला तेव्हा. जानेवारीत ती जनूंशी भांडली. कारण क्षुल्लक होतं, पॉलिश पेपर जाड आणला होता, पण ती पाऊण तास भांडली, उभी राहून, आणि शेवटी म्हणाली, "बत्तीस वर्षांत तुला एकदा वाटलं नाय, बायला इचारावं?" कारखान्यातले सगळे हात थांबले होते. जनू म्हणाले, "वाटलं व्हतं." "मग?" जनूंनी जाड पेपरचा गठ्ठा उचलून पिशवीत परत भरला. डॉक्टरांनी सूज, आवाज, त्वचा याबद्दल सांगितलं होतं. हा राग गोळीने परत येईल, असं सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत ती एकटी धरमतरला जाऊन आली. हिराजी बार्जवर कामाला आहे, त्याला एक मुलगा आणि एक मुलगी आहे. सुनेला आणखी मूल झालं तर मला कळव, गळा दाखवायला न्यायचा, असं सांगून आले, एवढंच म्हणाली. मग स्वतःच दुरुस्त केलं. सुनेचं रक्त वेगळं. नातीचा दाखवायचा, ती मोठी झाली की.

नम्रताची गोळी डॉक्टरांनी सोमवारी, ३ फेब्रुवारी १९९७ रोजी बंद केली. सहा आठवडे काही घ्यायचं नाही, मग रक्त. ग्रंथी स्वतः काम करते आहे की नाही, हे तेव्हा कळेल. अँटीबॉडीचा आकडा मात्र होता तिथेच आहे. पुढचं मूल झालं तर हे सगळं पुन्हा होण्याची शक्यता बरीच, असंही त्यांनी सांगितलं. पूजाबद्दल नम्रताने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता काही बघायचं नाही. ती मोठी झाली की तिला सांगून ठेवा. तुमच्या आत्यांना कुणी सांगितलं नव्हतं." गोळी बंद झाल्यापासून नम्रता स्वतःवर नजर ठेवून आहे. कंगव्यातले केस मोजते. आरशात भुवया बघते. पूजाला हाक मारताना आपला आवाज ऐकते, आणि ऐकता ऐकता हाक अर्धी राहते. जिना चढून धाप लागली तर थांबून विचारते, ही कालची की नवी. कुठलंही साधं थकणं तिच्याकडे साधं राहिलेलं नाही. जगन म्हणतो, अगो, मीपण थकतो, माझं पण रक्त देऊ काय. तिला हसू येतं, आणि हसायला किती वेळ लागला तेही ती मोजते.

मंगळवार, ११ मार्च १९९७. गोळी बंद करून छत्तीस दिवस झाले. सकाळी नऊ ते साडेबारा नम्रताने अकरा मूर्तींचे डोळे आखले. पूजा अजून अंगावर पिते. जनूंनी अकराही मूर्ती एकेक करून उजेडाला धरल्या, फळीवर ठेवल्या, आणि बाराव्या मूर्तीचा चेहरा तिच्याकडे वळवून ते जेवायला गेले. जेवण झाल्यावर ती पोत्यावर टेकली आणि सव्वा ते पावणेतीन झोपली. इंदुबाईंनी हलवलं तेव्हा क्षणभर कुठे आहोत ते तिला कळलं नाही. पूजाला दाढ येते आहे. रात्री पोर चार वेळा उठली होती. सोमवारी सकाळच्या गाडीने रोह्याला जायचं आहे, रिपोर्ट पंचवीस तारखेच्या आत येणार नाही.